निरीक्षकाची खुर्ची

मानसशास्त्र विभागाची जुनी प्रयोगशाळा रिकामी करायची होती, आणि ते काम बाईंच्या गळ्यात पडलं. बाई या विषयाचा इतिहास शिकवायच्या. विभागात इतिहास शिकवणाऱ्याला पाहुण्यासारखं वागवतात, चहा देतात पण मत विचारत नाहीत. मेंदूची चित्रं काढणारं नवं यंत्र यायचं होतं आणि त्याला जागा हवी होती.

बाईंना त्याचं नवल वाटलं नाही. या शास्त्रात प्रत्येक पिढी आधीच्या पिढीला वेड्यात काढते आणि तिच्याच जागेवर बसते. बाईंचे वडील माणसांना स्वतःच्या आत डोकावायला शिकवायचे. त्यांचाच विद्यार्थी पुढे विभागप्रमुख झाला आणि म्हणाला, आत काही नसतंच, वागणं तेवढं मोजा. जन्मभर त्याने उंदीर पळवले, म्हणून सगळे त्याला उंदीरसर म्हणत. आता यंत्रवाले आले होते आणि उंदीरसरांचे पिंजरे जिन्याखाली पडले होते. करावे तसे भरावे.

प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या आणि मधे भिंत. भिंतीत एक झडप आणि शेजारी बोलायची पितळी नळी. अलीकडे प्रयोग घेणारा बसे. पलीकडे, काळ्या रंगाच्या खोलीत, हनुवटी टेकायची सोय असलेल्या खुर्चीत निरीक्षक. झडप उघडून वस्तू दाखवायची आणि निरीक्षकाने काय जाणवतं ते नळीतून सांगायचं. वस्तूचं नाव मात्र घ्यायचं नाही. ‘सफरचंद’ म्हटलं तर चूक. ‘लाल, गोल, एका बाजूला चमक’ हे बरोबर. चूक झाली की वडील टेबलावरची विजेची घंटा वाजवत.

त्यांची सगळ्यात तयार निरीक्षक म्हणजे बाईंची आई. ती तयारी पुढे घरापर्यंत आली. लहानपणी गुडघा फोडून घेऊन आलेल्या मुलीकडे बघून आई आधी म्हणायची, “लाल. पसरतंय.” मग कधीतरी जवळ घ्यायची. गेल्या वर्षी दवाखान्यात, शेवटच्या दिवशी, बाई तिच्या उशाशी बसल्या होत्या. आईने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. “फिकट. गोल. वर दोन ओले ठिपके,” ती म्हणाली, आणि गेली. डॉक्टरांनी त्या आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. नाव दिलं की उलगडा झाला असं मानायची खोड बाईंच्या शास्त्रालाही होतीच. पण आईने जाताना एकही हाक मारली नाही, हे बाईंना अजून आतून जाळत होतं. स्वतःच्या मुलीला त्या गरज नसताना, येता-जाता हाका मारायच्या. चिमणे, ए चिमणे. चिमणी वैतागायची.

दुपारी त्या अलीकडच्या खोलीत नळीचे स्क्रू काढायला गेल्या. शाळा सुटली की चिमणी तिथेच येणार होती. घंटेची तार उंदीरसरांच्या कुठल्यातरी फरारी उंदराने कधीच कुरतडली होती. बाईंनी बटण दाबून पाहिलं, आवाज आला नाही. मग त्यांनी गंजलेली झडप जोर लावून सरकवली आणि स्क्रूड्रायव्हर तिच्यासमोर ठेवला.

“पिवळं,” नळीतून आलं. “लांब. टोकाशी बारीक.”

जुन्या नळीत वारा शिरला की काहीबाही ऐकू येतं, असं बाईंनी स्वतःला समजावलं. पण स्क्रूड्रायव्हरची मूठ पिवळी होती.

पलीकडच्या खोलीला कुलूप होतं. किल्ली उंदीरसरांकडे होती, आणि ती घेऊन ते स्वतः आले. आत सगळीकडे धूळ होती, जमिनीवर पावलाचा ठसा नव्हता. खुर्चीची हनुवटी टेकायची पट्टी मात्र रोज वापरातल्या भांड्यासारखी लखलखीत होती.

“सर, इथे कोण येतं?”

“कोण येणार? कुलूप मीच लावलंय.”

“का पण? चोरण्यासारखं काय आहे?”

उंदीरसरांनी किल्ली मुठीत आवळली. “तू काही ऐकलंस का?”

“तुम्ही ऐकलंय?”

“ऐकणं-बिणं मी मानत नाही, तुला माहितेय.” ते खुर्चीकडे बघत नव्हते. “तुझ्या वडलांचा एक नियम होता. जो चुकेल त्याने उठायचं आणि पुढच्याने बसायचं. आम्ही सगळे पटापट चुकलो, पटापट उठलो. तुझी आई कधी चुकलीच नाही गं.”

“म्हणजे काय, सर?”

“म्हणजे काही नाही. आवर आणि घरी जा. त्या नळीशी बोलत बसू नकोस.”

त्यांनी पुन्हा कुलूप लावलं आणि ते ओढून पाहिलं.

बाई शिकलेल्या होत्या, त्यामुळे त्यांनी ऐकलं नाही. परत येऊन त्यांनी पर्समधला कंगवा झडपेसमोर धरला. “काळं. ओळीने फटी,” नळी म्हणाली. झडप बंद केली की नळी गप्प, उघडली की बोलायची. प्रयोग म्हणून त्यात खोट काढायला जागा नव्हती. बाईंना भीतीपेक्षा रागच जास्त आला होता.

त्यांनी कंगवा टाकला, दोन्ही हातांनी झडप धरली आणि स्वतःचा चेहरा पुढे नेला.

“फिकट,” नळी म्हणाली. “गोल. वर दोन ओले ठिपके.”

“आई, मी आहे गं.”

“हलतंय.”

“जन्मभर बरोबरच सांगत आलीस. काय मिळालं तुला? आणि मला? आई, माझ्यासाठी एकदा चुकून दाखव.”

नळीत श्वास घुटमळला.

“बाळ,” आई म्हणाली. “माझं बाळ ते. किती वाळलीस गं.”

टेबलावरची घंटा वाजली.

बाईंचे दोन्ही हात झडपेवर होते.

पलीकडे खुर्ची सरकली. बसून बसून आखडलेलं कुणीतरी कण्हत उठलं. पावलं दारापर्यंत गेली, मग ऐकू येईनाशी झाली.

बाई हसत होत्या आणि रडत होत्या. इतक्या वर्षांनी हाक मिळाली होती. फक्त हनुवटीला खालून काहीतरी गार टेकल्यासारखं वाटत होतं.

मागचं दार उघडलं. “आई! किती हाका मारल्या मी. चल ना.”

बाई वळल्या. दारात काहीतरी होतं. त्यासाठी एक शब्द होता, येता-जाता त्यांच्या तोंडी असणारा. त्यांनी तो शोधला. जीभ रिकामीच राहिली.

“आई? अशी काय बघतेस?”

“फिकट,” बाई म्हणाल्या. “गोल. मधे गुलाबी फट. उघडतेय, मिटतेय.”

“आई, मला भीती वाटतेय!”

“वर दोन ठिपके. ओले होतायत.”

त्या थांबल्या आणि कान देऊन वाट पाहू लागल्या. घंटा वाजली नाही.