अकरा वाव पाणी

दादा टगबोटीच्या सुकाणूवर झोपला, बोट खाडीच्या टोकाच्या खडकांवर आपटली आणि तो बुडाला, असा बंदराचा अहवाल आला. दादा झोपला म्हणे! घरी नळ टपकला तरी जागा होणारा माणूस. तो अहवाल अधिकाऱ्याच्या तोंडावर फेकून मारावासा वाटला. फेकला नाही. खाडी बनवायला घेतली.

मी दातांच्या कवळ्या बनवतो. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघे भाऊ जेवणाच्या टेबलावर आरमारी लढाया खेळायचो. जहाजं बोटाच्या पेराएवढी, किनारे माझ्या हातचे. त्यामुळे मापं पाठ होती, खऱ्याच्या बाराशे पट लहान. बुचाचे तुकडे तोडून कडे केले, फुटक्या कौलांचे खडक लावले, कवळ्यांचं उरलेलं प्लास्टर ओतून समुद्र केला आणि नकाशातली खोली बघून रंगवला. टोकावर जायला बोटीला केवढं वळावं लागतं आणि झोपेत ते कसं जमत नाही, ते त्या शहाण्या अधिकाऱ्याला दाखवायचं होतं.

दादाची इवलीशी टगबोट मी धक्क्याला लावून ठेवली. सकाळी ती खाडीच्या मधोमध होती. तिथं नकाशात अकरा वाव, म्हणजे वीस मीटर खोल पाणी, खडक नावालाही नाही. परत जागेवर ठेवली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

"वहिनी, याला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना?" मी खेकसलो.

वहिनी कपडे वाळत घालत होत्या. वळल्यासुद्धा नाहीत. "भावजी, ज्या बोटीनं माझा माणूस नेला, तिच्या खेळण्याला मी हात लावीन?"

लाज वाटली, पण डोकं तापलेलंच होतं. खाडीवर काचेची पेटी उपडी घातली आणि कडेनं मेण ओतलं.

सकाळी मेण शाबूत होतं. बोट मधोमध, तिचं नाक वर उचललेलं. खाली रंग फोडून प्लास्टरचा उंचवटा आला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. कोरणीनं खरवडून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. घट्ट झालेलं प्लास्टर वाढत नाही, बावीस वर्षं त्यात हात घालतोय मी. तिसऱ्यांदा कोरणी उचलली आणि थांबलो. मोजलं. खरी बोट फोडायला पुरेल एवढा खडक होता तो.

तशीच खाडी उचलून बंदराच्या कचेरीत नेली.

"खेळणी दाखवायला आलात?" अधिकारी म्हणाला. मग त्याची नजर मधोमध गेली. उठून त्यानं दार लावलं.

"हा खडक कुणी सांगितला?"

"कुणी नाही. तुमच्या नकाशात तर अकरा वाव आहे."

"नकाशा जुना आहे." तो परत आपल्या खुर्चीत बसला. "इथं बोट घासते, असं तुमच्या भावानं लेखी कळवलं होतं. बंदर बंद ठेवावं लागलं असतं. मी कागद फाडला. मग बोट फुटल्यावर तो झोपला होता, असं लिहिलं."

आठ महिने वहिनी लोकांच्या नजरा चुकवत जगल्या. आणि हा नालायक इथं चहा पीत बसला होता.

"लिहा," मी म्हणालो. "दादा जागा होता, असं लिहा. त्याशिवाय मी हलत नाही."

त्यानं कागद पुढ्यात घेतला. मी समोरची खुर्ची ओढली.

"तिथं नका बसू," तो म्हणाला. "रोज सकाळी तो तिथंच बसतो."

खुर्चीची बैठक ओलीचिंब होती. खाली फरशीवर अजून पाणी टपकत होतं.