खांद्याला न बसणारी बंदूक

सालईटोल्याचा धान कापणीला आला होता आणि बांधीत उतरायला एक माणूस तयार नव्हता! कारण एकच. बोदलीच्या पहाडीतून रोज उतरणारं ते एकलं रानडुक्कर. धान खाऊन गेलं असतं तर गावानं शिव्या देऊन सोडून दिलं असतं. पण त्यानं भागीरथाबाईंना धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गाठून मांडीपासून गुडघ्यापर्यंत फाडलं होतं. बाई गोंदियाच्या दवाखान्यात पडून होत्या आणि शुद्धीवर आल्या की एकच विचारत होत्या, "मेलं का ते?"

ते मारायला तिघं निघाले होते. भागीरथाबाईंचा मुलगा रत्नपाल, शेजारच्या बांधीचा मालक दुलीचंद आणि माग काढणारा झाडू नावाचा वाटाड्या. वनखात्याचं परवानगीपत्र रत्नपालच्या खिशात होतं. ते शेतापुरतं आणि गावच्या झुडपी जंगलापुरतंच होतं. त्यापुढे राखीव जंगलाचे दगडी खांब लागत, आणि डुक्कर खांबांपलीकडे गेलं की हात हलवत परत फिरायचं.

पायवाट अरुंद होती. पुढे झाडू, मध्ये रत्नपाल, मागे दुलीचंद. हा क्रम रत्नपालला मुळीच पसंत नव्हता. भरलेली बंदूक घेतलेला दुलीचंद आपल्या पाठीमागे चालतो आहे, या विचारानं त्याची मान सकाळपासून आखडली होती.

संशयाला कारण होतं. दोघांच्याही बंदुका बारा बोरच्या, एकनळी, एकाच कारखान्याच्या. रत्नपालचे वडील केवळराम आणि दुलीचंद यांनी त्या एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतल्या होत्या. केवळराम वारले तेव्हा त्यांची बंदूक ठाण्यात जमा झाली. परवाना मुलाच्या नावावर होईपर्यंत ती तिथेच पडून राहिली. मग २००९ च्या निवडणुका आल्या, तेव्हा सगळ्यांबरोबर दुलीचंदचीही जमा झाली. जागा कमी, म्हणून बंदुका नळी काढून पेटीत भरल्या होत्या. निवडणूक सरल्यावर नळीवरचे नंबर वाचून दोघांना आपापली बंदूक मिळाली. दमटपणानं दोन्ही दस्त्यांना, म्हणजे खांद्याला लावायच्या लाकडी भागांना, बुरशी चढलेली. दोघांनीही ते पांढरे होईपर्यंत घासले आणि काटकसर म्हणून एकाच डब्यातलं पॉलिश मारलं. आता त्या बंदुका जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या.

पण रत्नपालची बंदूक त्याच्याशी नीट वागेना! तो बापासारखाच डावखुरा. बापाच्या देखरेखीखाली त्यानं ती पूर्वी कितीदा खांद्याला लावली होती. तेव्हा दस्ता आपणहून गालाशी यायचा आणि नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी डोळ्यासमोर उभी राहायची. आता तोच दस्ता गालफडात रुतायचा आणि माशी शोधावी लागायची. परवा बांधीच्या कडेला डुक्कर समोर उभं असताना त्याची गोळी हातभर उजवीकडे गेली. गावानं तोंडावर पदर आणि गमछे धरले. "नाचता येईना, अंगण वाकडं," कोणीतरी म्हणालंच.

आणि मग त्याला कोहमाऱ्याचा ढाबा आठवला. ठाण्यातून बंदुका घेऊन येताना दोघं तिथे जेवायला थांबले होते. तो हात धुवायला गेला तेव्हा दोन्ही बंदुका दुलीचंदच्या खाटेवर होत्या. हात धुवायला कितीसा वेळ लागतो? पण खोडी करायलाही कितीसा लागतो! धुऱ्याच्या भांडणावरून दुलीचंदचं आणि केवळरामांचं शेवटपर्यंत बोलणं नव्हतं. संशय असा एकदा मानगुटीवर बसला की उतरायचं नाव घेत नाही.

"थांबा!" झाडूनं हात वर केला.

झिरीच्या नाल्यातल्या चिखलात डुक्कर नुकतंच लोळल्याची खूण होती. पाणी अजून गढूळ होतं, आणि काठावरच्या ऐनाच्या झाडाच्या सालीला कमरेच्या उंचीवर ओला चिखल घासलेला.

"इथंच हाये," झाडू कुजबुजला. "हवा आपल्या अंगावर येऊन राहिली. त्याले आपला वास नाई जाणार. चांगलं हाये."

पलीकडच्या काठावर बांबू हलला. आणि ते बाहेर आलं! काळंकरडं, पाठीवरचे केस उभे, एक सुळा तुटका. दुलीचंदनं बंदूक उचलली. अंतर असं की दगड मारला तरी लागावा. आणि तालुक्यात नेमबाज म्हणून नाव असलेला हा माणूस! ठो! डुकराच्या डावीकडचा दगड फुटला. डुक्कर वळलं, चढणीला लागलं. रत्नपालनं बार काढला. ठो! उजवीकडचं पळसाचं पान उडालं. डुक्कर दोन बारांच्या मधून, वरात चालावी तसं, निघून गेलं.

दुलीचंदनं आधी झाडूकडे पाहिलं, मग रत्नपालकडे, आणि ती नजर काही चांगली नव्हती.

"काका, तुमचा नेम कसा चुकला?" रत्नपालनं विचारलंच.

"तुहा कसा चुकला?"

"मी नवा हावो."

"हव. अन् मी म्हातारा झालो," दुलीचंद म्हणाला आणि काडतूस बदलू लागला. रत्नपालच्या मनात पाल चुकचुकली. मुद्दाम चुकवला! डुक्कर मरूच नये, असं याला वाटतं आहे काय?

चढण अंगावर येणारी होती. बांबूच्या जाळ्यांतून रांगत जायचं, मध्येच काटेरी वेल गमछा ओढून धरायची. एका घळीत पायाखालचा दगड निसटला आणि रत्नपाल घसरला. दुलीचंदनं त्याची कॉलर धरली. त्यानं वाचवलं हे खरं, पण एक क्षण तो धरून ठेवणार की सोडणार, हे रत्नपालला कळेना. वर आल्यावर तो आभारही मानू शकला नाही.

दुपारी मोहाच्या झाडाखाली टेकले. भाकर खाल्ली, पाणी संपलं. खाली घळीत झरा होता. उतार असा की दोन्ही हात लागणार. रत्नपालनं काडतूस काढून खिशात घातलं, बंदूक झाडाला टेकवली आणि तो बाटल्या घेऊन उतरला.

परत येताना त्याला वरचं दिसलं, आणि तो जागीच थिजला.

दुलीचंद आणि झाडू गुडघ्यांवर बसले होते. मध्ये एक बंदूक आडवी ठेवलेली. झाडू तिच्यावर तांदळाचे दाणे टाकत होता, लहानशा बाटलीतून काहीतरी शिंपडत होता आणि ओठांत पुटपुटत होता. दुलीचंद हात जोडून! दुसरी बंदूक झाडाला टेकलेली. पण कोणती कोणाची? एवढ्या लांबून कसं ओळखणार?

"काय चालू हाये?" रत्नपाल ओरडला.

दोघं दचकून उठले. झाडूनं बाटली कमरेला खोचली. "काई नाई गा. तेल देऊन राहिलो होतो."

तेल? वास तर मोहाच्या दारूचा येत होता! बंदूक बांधतात, असं गावातली जुनी माणसं म्हणायची. मंत्र घातला की बार भलतीकडेच जातो. रत्नपाल असल्या गोष्टी मानणारा नव्हता. त्याच्या घरात देवाच्या जागी बाबासाहेबांची तसबीर होती, आणि मंत्रानं गोळी वळते म्हणणाऱ्याला तो तोंडावर हसला असता. पण मंत्र घालणाऱ्याच्या हेतूचं काय? ज्याला आपला बार चुकायला हवा आहे, तो नुसत्या मंत्रावर थांबेल कशावरून? त्यानं झाडाजवळची बंदूक उचलली, नंबर आपलाच असल्याचं पाहिलं, ती उघडली, नळीतून आभाळ पाहिलं. स्वच्छ होती. तरी मागे राहिलेल्या पिशवीतल्या काडतुसांवर भरवसा न ठेवता त्यानं खिशातलंच भरलं.

"आता मी मागं चालतो," तो म्हणाला.

दुलीचंदचा चेहरा उतरला. "काऊन?"

"असंच."

पुढची वाट दुलीचंद सारखा मागे वळून बघत चालला. रत्नपालला त्याचा रागही येत होता आणि बरंही वाटत होतं. असा वेडा झाला होता तो!

उन्हं कलली तेव्हा राखीव जंगलाचे खांब दिसू लागले. अलीकडे रायमुनियाचं, म्हणजे घाणेरीचं, दाट झुडूप पसरलं होतं. झाडू वाकला, मातीवर बोट टेकवलं आणि खांबांकडे पाहिलं. "पलीकडं नाई गेलं. इथंच बसलं हाये." तो उजव्या अंगाला निघाला. "मी दगड फेकतो. तुम्ही दोघं तयार राहा."

पहिला दगड पडला. काहीच नाही.

दुसरा पडायच्या आत झुडूप फाटलं!

डुक्कर दगडाच्या दिशेला पळालं नाही. ते सरळ माणसांवर आलं. दुलीचंद पुढे होता. बंदूक खांद्याशी येण्याआधीच धडक बसली. तो उडाला. बंदूक हातातून सुटून मागे रत्नपालच्या पायाशी आदळली. डुक्कर पुढे गेलं, खूर रोवून वळलं. दुलीचंद पडलेला. मांडीतून रक्त. डुक्कर पुन्हा निघालं!

रत्नपालनं बार काढला. ठो! दस्ता गालात रुतला. गोळी उजवीकडे गेली, पडलेल्या दुलीचंदच्या कानावरून! त्याच्या डोक्यामागची माती उडाली.

दुलीचंदनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ती नजर रत्नपालला जन्मभर विसरता येणार नव्हती. त्या नजरेत डुकराची भीती नव्हती. ती भीती रत्नपालची होती.

काडतूस बदलायला वेळ नव्हता. त्यानं हातातली बंदूक टाकली, पायाशी पडलेली उचलली. दुलीचंदनं डोळे मिटले.

आणि ती बंदूक खांद्याला आली. तिला आणावं लागलं नाही, ती आली! दस्ता गालाला टेकला, माशी समोर उभी राहिली आणि माशीवर तो तुटका सुळा. रत्नपालनं विचार केला नाही. ठो!

डुक्कर पुढच्या गुडघ्यांवर कोसळलं, दुलीचंदच्या पायांपर्यंत घसरत आलं आणि थांबलं.

झाडू धावत आला. त्यानं गमछा फाडून दुलीचंदची मांडी करकचून बांधली. जखम लांब होती, पण खोल नव्हती. रत्नपाल मात्र तिथेच उभा होता. बंदूक अजून गालाशीच. त्याला ती खाली घ्यावीशी वाटत नव्हती.

"खाली कर ते," दुलीचंद कण्हत म्हणाला. "आता काय राहिलं? पहिली गोळी तर माह्या कानावरून गेली."

"काका, हे बंदूक कोणाची हाये?"

"माही. नंबर पाहून घे."

"नंबर नळीवर हाये." रत्नपालनं बंदूक गालावरून खाली घेतली. "नळी तुमची. पण हा दस्ता माह्या बापाचा हाये! गालाले लावला अन् मले समजलं."

दुलीचंद बघत राहिला. मग त्यानं रक्ताळलेला हात पुढे केला. बंदूक मिळताच त्यानं दस्ता डोळ्यासमोर धरून मागून पुढे पाहिला, एकदा, दोनदा. आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"अरे बापा! डावीकडं वाकला हाये. तुहा बाप डावखुरा. जवसाच्या कढत तेलात शेकून हा दस्ता आम्ही दोघांनी मिळून वाकवला होता. माही बोटं भाजली होती! पेटीत आपल्या नळ्यांची अदलाबदल झाली अन् कोणालेच नाई समजलं. म्हणून माहा बार डावीकडं जाऊन राहिला होता!"

"अन् तुमचा दस्ता माह्याजवळ, म्हणून माहा उजवीकडं."

"मले वाटलं, तू माही बंदूक बांधून ठेवली. बापाच्या भांडणाचा वचपा काढून राहिला." दुलीचंदनं मान खाली घातली. "झाडूले काळी कोंबडी कबूल केली म्या, बंदूक सोडवाले. दुपारी तेच चालू होतं."

रत्नपालनं झाडूकडे पाहिलं. झाडू शांतपणे गाठ आवळत होता. "मले नोको पाहू. ज्याची कोंबडी, त्याची गोष्ट. मी काऊन सांगीन?"

रत्नपालला हसू आलं नाही. त्यानं दोन्ही बंदुका मांडीवर घेतल्या आणि नळ्या काढून अदलाबदल केली. खटकन बसल्या दोन्ही. मग दुलीचंदच्या बंदुकीत त्यानं काडतूस घातलं आणि ती भरलेली बंदूक त्याच्या हातात दिली.

झाडूचा हात गाठीवरच थांबला. ज्यानं आपल्याला मारायला बार काढला असं वाटत होतं, त्याच्याकडेच दुलीचंद आता भरली बंदूक घेऊन बघत होता. नळी रत्नपालच्या पायावरून वर आली, छातीवरून गेली. रत्नपाल हलला नाही.

नळी पुढे सरकली. "त्या बुडख्याची गाठ," दुलीचंद म्हणाला. ठो! वाळक्या बुडख्याची गाठ मधोमध फुटली.

दुलीचंदनं बंदूक बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"डोळे मिटले ना म्या," तो म्हणाला, "तेव्हा मले वाटलं, दुसरी गोळी माही हाये."

"मले तर सकाळपासून वाटून राहिलं होतं, तुम्ही मले मारालेच संगं आले."

दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. लाज वाटत होती, आणि ती लपवायला जागा नव्हती. डुक्कर वनरक्षकाच्या पंचनाम्यासाठी तिथेच सोडायचं होतं. झाडूनं दोन्ही बंदुका रिकाम्या करून खांद्यावर घेतल्या. रत्नपाल दुलीचंदसमोर पाठ करून उकिडवा बसला.

"चढा, काका."

"मी जड हावो गा."

"चढा म्हणतो ना!"

दुलीचंदनं त्याच्या गळ्याभोवती हात टाकले. रत्नपाल उठला, एकदा डगमगला आणि पहाडी उतरू लागला. बऱ्याच उतारानंतर त्याच्या कानाशी भिजलेला आवाज आला.

"मलेबी त्याच दवाखान्यात ने. डुक्कर मेलं, हे तुह्या मायले मी सांगतो. अन् कोण मारलं, तेबी मीच सांगतो."