काटा तीसवर, पाणी सातव्यावर

"ओढ, ओढ! नळीला गाठ मारून ठेवलीस का रे?" भिंगरी जिन्यावरून ओरडली.

"मी काय करू? कठड्यात अडकलीय!" टिल्लू खालून करवादला.

सुट्टीला मावशीकडे आलेली ही भावंडं लांबलचक पारदर्शक नळी घेऊन जिना चढत होती, कारण मावशीची नोकरी जायची वेळ आली होती. या इमारतीचा पंप मावशीच चालवायची. नवा पंप बसला आणि गच्चीवरच्या टाकीत थेंब येईना! पंप बसवणाऱ्या साहेबांनी दाबाच्या तबकडीकडे बोट दाखवलं होतं. "काटा तीसवर आहे, टाकी सत्तावीस मीटरवर. पाणी पोचायलाच हवं! या बाई व्हॉल्व्ह अर्धवटच उघडत असणार."

सोसायटीच्या अध्यक्षकाकांनीही मान डोलावली. संध्याकाळपर्यंत पाणी चढलं नाही, तर मावशीला कायमची सुट्टी!

मावशीने पंपाची खोली पुन्हा एकदा झाडून काढली. भिंगरीच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. तिने तबकडीला नाक लावलं आणि आकड्यांखालची बारीक अक्षरं वाचली: पीएसआय!

"टिल्लू, हे मीटर नाहीतच, हे दाबाचं वेगळं माप आहे! एका पीएसआयच्या दाबाने पाणी चढतं जेमतेम सत्तर सेंटिमीटर. मग तीसला?"

"एकवीस मीटर! तीन मीटरला एक मजला, म्हणजे... सातवा मजला!"

आता नळीचं एक टोक पंपाजवळच्या तोटीला घट्ट बांधलेलं होतं, दुसरं उघडं टोक आठव्या मजल्यावर भिंगरीच्या हातात. खाली सगळे जमले.

"व्हॉल्व्ह तुम्हीच पूर्ण उघडा, साहेब!" मावशी म्हणाली. साहेबांनी तो शेवटपर्यंत फिरवला. पंप घरघरला, पाणी नळीतून सरसर वर निघालं. पाचवा मजला... सहावा...

"थांबलं!" सातव्यावरून टिल्लू किंचाळला. "माझ्या पायाशी थांबलं!"

अध्यक्षकाका धापा टाकत वर आले, नळी नीट निरखून पाहिली आणि खाली वाकून गरजले, "साहेब, पंपच कमी ताकदीचा आणलात! आणि खापर फोडलंत आमच्या बाईंवर?" साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

मोठा पंप आला, टाकी काठोकाठ भरली. काकांनी सगळ्यांसमोर मावशीची माफी मागितली आणि मुलांची पाठ थोपटली. मुलांनी हिशेब मांडला, चाळीस म्हणजे अठ्ठावीस मीटर; मग मावशीने तबकडीवर चाळीसच्या आकड्याशी लाल नेलपॉलिशची रेघ ओढली. काटा त्याच्या खाली आला, की समजायचं, पाणी गच्चीवर जात नाही!

एरवी गप्प असणारी मावशी आता खोलीत येईल त्याला थांबवून सांगते, "ही रेघ बघितलीत? माझ्या भाचरांची आहे!"