खाऱ्या हौदावरची निळी साय

"पुन्हा मेले!" उज्माने जाळी उलटी केली. झिंग्यांची पांढरी पडलेली पिल्लं जमिनीवर सांडली. शेजारची दामिनी नुसती बघत राहिली.

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात बोरला खारंच पाणी लागतं. त्यात झिंगे पोसता येतात, असं कुणीतरी सांगितलं आणि उज्माच्या अब्बांनी, म्हणजे ताहेरचाचांनी, ताडपत्रीचा हौद करून पिल्लं सोडली. गाव पोट धरून हसलं होतं. आता तर हसायलाही काही उरेना. चार दिवस झाले, सकाळी नवं पाणी भरलं की दुपारपर्यंत जाळीभर पिल्लं मरत. बोरचं पाणीच जहरी आहे, असं चाचांनी ठरवून टाकलं. संध्याकाळी हौद नाल्यात सोडायचा आणि सगळ्यांनी सुरतेला कामाला जायचं. म्हणजे उज्माची शाळाही सुटलीच.

दामिनी अमरावतीला शिकत होती, सुट्टीत घरी आली होती. समुद्रात जहाजाचं तेल सांडलं तर ते अतिनील उजेडात चमकतं, त्या चमकीचा माग काढता येतो, असं तिच्या विज्ञानाच्या बाईंनी शिकवलं होतं. इथे समुद्र नव्हता, पण खारं पाणी होतं. आणि खोट्या नोटा ओळखायचा अतिनील टॉर्च उज्माच्या मामांच्या दुकानात होता.

तो आणून भरदुपारी दोघी हौदातल्या पाण्याचा ग्लास घेऊन गोधडीखाली शिरल्या. घामाने जीव नकोसा झाला. टॉर्च लावला आणि पाणी निळं चमकलं.

उज्माला रडूच फुटलं. "अम्मी हौदापाशीच कपडे धुते. तिच्या पावडरीनंच मेले असतीन!"

पावडरही अशीच चमकते, हे दामिनीला ठाऊक होतं. म्हणून तिने दुसऱ्या ग्लासात पावडर कालवली. ते पाणी तळापर्यंत चमकलं. हौदाचं मात्र वरच्यावर, दुधावर साय धरावी तसं. म्हणजे हे तेल होतं!

मग त्यांनी बोरच्या तोंडाशी ग्लास भरला. त्यात काहीच चमकलं नाही. तेच पाणी पाइपातून आलं की चमकत होतं.

तो पाइप दामिनीच्याच बाबांनी, चंद्रभाननी, पाच दिवसांपूर्वी दोस्तीखातर दिला होता. त्याआधी त्या पाइपाने बाबा ड्रममधलं डिझेल ट्रॅक्टरात ओढत. हे उज्माला माहीत नव्हतं. गप्प बसलं असतं तर कुणालाच कळलं नसतं.

"चाचा," दामिनी ताहेरचाचांकडे जाऊन म्हणाली, "पाइप आमचा हाये. डिझेलचा."

चंद्रभानना बोलावलं, तर ते भडकलेच. "म्या धुवून देल्ला व्हता! काहून बापाले चोर ठरवून राहिली?"

दामिनीने बोरच्या तोंडचा आणि पाइपातल्या पाण्याचा ग्लास उचलला. दोन्ही ग्लास आणि टॉर्च त्यांच्या हातात दिला आणि गोधडी डोक्यावर टाकली. ते बाहेर आले तेव्हा चेहरा उतरला होता. त्यांनी पाइप ओढून बांधावर फेकला आणि घरून नवी ताडपत्री आणली.

दिवस कलेपर्यंत दोन्ही घरांनी त्या ताडपत्रीचा दुसरा हौद बोरच्या तोंडापासून बादल्यांनी भरला आणि जिवंत पिल्लं त्यात हलवली. निम्मी मेली होती, ती काही परत येणार नव्हती. उरलेली मात्र टुणटुण उड्या मारू लागली. सुरतेचं नाव कुणी काढलं नाही.

ताहेरचाचांनी दामिनीच्या डोक्यावर हात ठेवला. "पाइप दोस्तीत घेतला व्हता, बेटा. तू बोलली नसती, तं दोस्तीतच सारे मेले असते."

चंद्रभान रिकामी बादली घेऊन उभे होते. "पोरीनं बापाचं नाक कापलं," ते म्हणाले. मग तिच्याकडे बघून हळूच म्हणाले, "बरं केलं."