पोटातला कम्प्युटर

‘सगळं पुसून टाका’ असं लिहिलेल्या बटनावर पियुषनं क्लिक केलं आणि गुणवंतराव खुर्चीतून उडालेच!

"अबे, काय करून राह्यला! नाटकाची गाणी आहेत ना त्याच्यात!"

"मामा, घाबरू नका! ही व्हर्च्युअल मशीन आहे. कम्प्युटरच्या पोटात मी दुसरा खोटा कम्प्युटर बनवला. नवी सिस्टिम आधी त्याच्यात टाकून पाहायची. पुसलं तरी खोटंच पुसते!"

त्यानं पडद्यावरची ती चौकट बाजूला सारली आणि मागच्या खऱ्या कम्प्युटरवर गाणं लावलं. गुणवंतरावांच्या वडशाच्या नाटक कंपनीच्या ऑफिसात कंपनीच्या जुन्या गायिका गुणाबाईंचा खणखणीत आवाज घुमला. गळ्याच्या ऑपरेशननंतर गुणाबाईंना गाता येत नव्हतं. दिवाळीनंतरच्या नाटकात हाच आवाज वाजणार होता, आणि त्याची दुसरी प्रत कुणी काढलीच नव्हती!

"वा रे पठ्ठ्या! डोकं पाहिजे तर असं!" गुणवंतरावांनी भाच्याची पाठ थोपटली.

त्यांच्या मुलीच्या, उर्वशीच्या, नाकाला मिरच्या झोंबल्या. भद्रावतीहून सुट्टीला आला काय नि राजाच झाला! याच कम्प्युटरवर वर्षभर ती नाटकांची पोस्टरं बनवत होती, तेव्हा बाबा नुसते ‘हं’ म्हणायचे. आई तर चिवड्यातले काजूसुद्धा पियुषलाच वेचून देत होती!

"जळून राह्यली का वं ताई?" धाकट्या अतुलनं डोळे मिचकावले.

"चूप बस!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पियुष अंघोळीला गेला होता. उर्वशी आणि अतुल ऑफिसात आले, तर बाबा एकटेच माउस धरून बसलेले. पडद्यावर तीच नवी सिस्टिम!

"आदेशच्या कम्प्युटरच्या दुकानातून पेन ड्राइव्हवर भरून आणली," बाबा ऐटीत म्हणाले. "आता मीच टाकतो!"

काहीतरी चुकत होतं. उर्वशीनं डोळे बारीक केले. कालची चौकट कुठे गेली? आणि पियुषनं खोट्या कम्प्युटरला जागा दिली होती पंचवीस जीबी. आज पडद्यावर दिसत होते पाचशे!

"अतुल, पोटातला कम्प्युटर बाहेरच्याएवढा मोठा होईल का?"

"पोट फुटंल ना!"

म्हणजे हा खोटा नव्हताच! बाबा खराच कम्प्युटर पुसायला निघाले होते!

आणि तरी उर्वशी गप्प राहिली. पुसलं जाऊ दे! हे बटन दाखवलं कुणी? पियुषनं. बोलणी त्यालाच बसतील. मान खाली घातलेला पियुष डोळ्यांपुढे आला, आणि तिला फार गोड वाटलं.

एवढ्यात गुणाबाई आत आल्या. घोगऱ्या, दबक्या आवाजात म्हणाल्या, "पोरी, मायं गाणं लाव ना वं."

उर्वशीनं झेप घेऊन बाबांचा माउसवरचा हात धरला.

"बाबा, दाबू नका!"

"मले नको शिकवू! काल पियुषनं दाबलं, काय झालं? काईच नाई!"

बाबा ऐकणार नव्हते. उर्वशीनं झटकन सूर बदलला. "बरं! पण आधी बाईंना गाणं तर लावून द्या. काल मागं वाजतच होतं की!"

"त्यात काय मोठं!" बाबांनी शोधलं. पुन्हा शोधलं. सगळं रिकामं! त्यांच्या कपाळावर घाम आला. "गाणं कुठी गेलं वं?"

"अजून नाई गेलं! हा खरा कम्प्युटर आहे बाबा, फक्त पेन ड्राइव्हवर चालून राह्यला. ते बटन दाबलं असतं, तर मात्र गेलं असतं!"

तिनं कम्प्युटर बंद केला, पेन ड्राइव्ह उपसला आणि पुन्हा चालू केला. गाणं वाजू लागलं. गुणाबाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "माया आवाज वाचवला वं या पोरीनं!"

"नजर पाहिजे तर अशी!" बाबा म्हणाले. आज ‘हं’ नव्हतं!

ओल्या केसांनी पियुष दारात उभा होता. "पण मामा, व्हर्च्युअल मशीन तर मीच..."

कुणी ऐकलंच नाही. त्याचं तोंड आंबट झालं. ते तोंड उर्वशीच्या चांगलं ओळखीचं होतं! घटकाभर तिनं मजा पाहिली, खोटं कशाला बोला. मग बाकावर थोडी सरकली.

"ये इकडं. गाण्यांची दुसरी प्रत काढायची आहे. कशी काढू, सांग."