घरच्यांचा सत्कार

नयननं अनिकेतचा पाय पहिल्यांदा हातात घेतला, तेव्हा तिला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

झालं असं, की यवतमाळचा हा बाबू रविवारी सकाळी दारव्ह्याला जीपमधून उतरला आणि पातळ तळाच्या चपला घालून बाजारामागच्या मैदानातून सरळ निघाला. चार पावलं गेला नाही तोच कळवळून खाली बसला. नयन तिथंच उकिडवी बसून गोखरूचे काटे वेचत होती. तिनं ओढणीची सेफ्टी पिन काढली, त्याचा पाय गुडघ्यावर घेतला, काटा उकरला आणि त्याच्याच तळहातावर ठेवला.

"कोन तुमी?" तिनं विचारलं.

"रेफरी. आजपासून इथल्या मॅचेस मी घेणार आहे... आणि तुम्ही?"

"आमी काटे वेचतो."

"मग अधूनमधून टोचला तरी चालेल—" तो पुटपुटला. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण कान गरम व्हायचे ते झालेच.

आता रग्बीत काट्यांचं एवढं काय, असं कोणी विचारेल. तर बॉल घेऊन पळणाऱ्याला कवेत धरून जमिनीवर आपटायचं, हाच तर खेळ. पोट्टं गोखरूवर पडलं की कोपरं-गुडघे रक्ताळलेच म्हणून समजा. बाजाराच्या बकऱ्या आठवडाभर तिथून जात-येत आणि काटे सांडत. म्हणून दर रविवारी उजाडताना नयनची मावशी इंदूबाई गल्लीतल्या बायांना घेऊन सगळं मैदान वेचून काढायची. गल्लीतलेच उकंडाभाऊ फक्कीच्या रेघा मारायचे. जर्सी धुवा, बर्फ आणा, फुटलेलं नाक दाबून पोराला दवाखान्यात न्या, सगळं हीच माणसं करत, आणि चहासुद्धा आपल्याच घरचा पीत. इंदूबाईचं स्वतःचं पोरगं या रग्बी क्लबात नव्हतंच. "कोनाचंबी पडलं तरी लागते तर सारखंच," एवढंच ती म्हणायची.

अनिकेतही फुकटच शिट्टी वाजवायचा. त्या दिवसापासून तो पहिल्या जीपनं यायला लागला आणि वेचणाऱ्यांच्या रांगेत बसायला लागला. जागा मात्र त्याला नेमकी नयनच्या शेजारची सापडायची.

"रेफरीनं कोनाची बाजू घ्याची नसते म्हनते," ती एकदा खाली मान घालून म्हणाली. "मंग दर रविवारी आमच्याच बाजूले काहून?"

"शिट्टी वाजेपर्यंत मी रेफरी नसतो."

...आणि दोघांची बोटं एकाच काट्याकडं गेली.

मग आली आर्णीच्या संघाशी फायनल. क्लबचे अध्यक्ष बबनराव यांनी पत्रिकेत छापलं, 'स्वयंसेवकांचा सत्कार'. वर घरोघरी जाऊन सांगितलं, की आज कामाला हात लावायचा नाही, तुम्ही पाहुणे आहात, चांगले कपडे घालून या. इंदूबाई काही तयार होईना. स्टेजवर माझं काय काम, म्हणून अडून बसली. नयननंच पेटीतलं अबोली रंगाचं लुगडं काढलं, नेसवलं आणि शब्द दिला, की तुला स्टेजवर नेते म्हणजे नेतेच.

आणि झालं काय? प्रमुख पाहुणे उन्हं चढल्यावर आले. त्यांच्यासोबत त्यांची माणसं, त्या माणसांची माणसं, आणि पाहुण्यांचे साळे. या साळ्यांना बॉल लांबट का आहे, हेही माहीत नव्हतं. तरी त्यांनाही शाल, त्यांनाही नारळ. स्वयंसेवकांसाठी आणलेल्या शाली डोळ्यांदेखत संपल्या. मग बबनराव माईकवर म्हणाले, वेळेअभावी स्वयंसेवकांचा सत्कार पुढं कधीतरी घेऊ, ते काय, आपल्या घरचेच आहेत. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. घरचे म्हणे! घरच्यांनी राबायचं आणि मान साळ्यांनी घ्यायचा, हा कुठला न्याय? त्यावर कडी म्हणजे बबनरावांनी इंदूबाईला हाक मारून सांगितलं, वहिनी, पाहुण्यांच्या चहाचं जरा बघा.

इंदूबाई लुगड्याचा पदर नीट करत खाली बघत राहिली. नयनचं डोकं सणकलं. आणि वर बघते तो काय, स्टेजच्या टोकाला अनिकेत बसलेला, तोही खांद्यावर शाल घेऊन.

तो खाली उतरला तशी ती आडवी आली. "शोभून राह्यली शाल."

"नयन, मला खरंच माहीत नव्हतं. उठवलं आणि अंगावर टाकली—"

"आता मालूम पडलं न?" ती म्हणाली. "मी तिले शब्द देल्ला होता. आता पाहुन्याईनं त्या बॉलले लात मारली आन तुमी शिट्टी वाजवली, तर पुढच्या रविवारी माह्या बाजूले येऊन बसू नका."

तो मैदानात गेला. पाहुणे उद्घाटनाच्या किकच्या फोटोसाठी बॉलजवळ पाय उचलून उभेच होते. अनिकेत वाकला. गवतातून काहीतरी उचललं, पुन्हा वाकला, पुन्हा उचललं. मग परत येऊन बबनरावांच्या हातावर मूठ रिकामी केली. सगळे गोखरू. आज वेचायलाच कोणी नव्हतं ना, सगळ्यांना पाहुणे करून बसवलेलं! मैदान साफ नसेल तर खेळ सुरू होणार नाही, असं त्यानं शांतपणे सांगितलं.

बबनराव गडबडले आणि सवयीनं इंदूबाईकडं वळले. तीही सवयीनं पदर खोचत उठायला लागली. नयननं तिचा हात धरला.

"बस मावशे. आज आपन पाहुने आहो." मग ती बबनरावांना म्हणाली, "काका, पाहुन्याईले कामाले लावतेत काय कोनी?"

अनिकेतनं आपली शाल काढून इंदूबाईपुढं धरली. तिनं हात मागं सारला. "उतरवलेली नोको मले, बापू. तुही तुले राहू दे."

तेव्हा त्यानं ती शाल सरळ मैदानात पसरली आणि दोन टोकं धरून ओढत निघाला. लोकरीला काटे भराभर चिकटले. पोट्ट्यांना भलताच हुरूप आला. दारव्ह्याची काय, आर्णीची काय, सगळी धावली आणि पाहुण्यांच्या शाली मागून मागून ओढायला लागली. साळ्यांनी आपली घट्ट धरली होती, शेवटी तीही सुटली. तोवर नयननं मावशीला, उकंडाभाऊंना आणि सगळ्या बायांना स्टेजवर नेऊन सोफ्यावर बसवलं.

मैदान साफ झालं. अनिकेत म्हणाला, "बबनराव, आता यांची नावं माईकवर घ्या. मग शिट्टी."

बबनरावांनी माईक धरला. "आपल्या... ह्या वहिनी... आणि हे भाऊ..." ज्यांना घरचे म्हणाले, त्यांची नावंच त्यांना येत नव्हती. तेव्हा मैदानातून पोट्टेच ओरडले, "इंदूमावशी!" मग "उकंडाभाऊ!" मग एकेक करत सगळ्यांची नावं, आर्णीच्या टाळ्यांसकट. इंदूबाई त्या सोफ्यावर बसून ढसाढसा रडली.

अनिकेत नयनजवळ आला. त्याच्या हाताच्या अंगठ्यात काटा रुतला होता. तिनं गुपचूप पिन काढली.

"अजून राग आहे?"

"हाय. लय दिवस राहीन."

"माझ्यावर?"

पिन जराशी थांबली. "...तुह्यावर नाई."

"मी पहिल्या जीपनं काट्यांसाठी येत नाही, नयन. तुझ्यासाठी येतो. मला तू आवडतेस. आयुष्यभर शेजारी बसू देशील?"

काटा निघाला होता, तरी तिनं त्याचा हात सोडला नाही. "मावशीले इचार," ती म्हणाली. "पन आता नाई. आज ती मोठी पाहुनी हाय. मॅच झाली का घरी ये."

तो मैदानाच्या मधोमध गेला आणि त्यानं शिट्टी वाजवली, जरा जास्तच लांब. सोफ्यावरून इंदूबाईनं रेफरीकडं पाहिलं, मग भाचीकडं पाहिलं, आणि डोळे पुसता पुसता पदराआड हसली.