परत आलेला सोन्याचा नारळ

"सापडला! सापडला!" किल्ल्याच्या तटाखालून नील ओरडला. "आजोबा, तुमचा नारळ!"

सगळे धावत तटाच्या कडेला आले. खाली नदीकाठच्या लाल चिखलात नील गुडघ्यापर्यंत रुतून उभा होता. त्याच्या हातात खरोखरच नारळ होता! सोनेरी कागद फाटला होता, पण यामिनीमावशीनं बांधलेली लाल-हिरव्या लोकरीची गाठ शाबूत होती.

कस्तुरी चक्रावलीच. काल नारळी पौर्णिमा होती. भाऊसाहेब आजोबांनी हाच नारळ सगळ्यांच्या डोळ्यांदेखत समुद्राला वाहिला होता. आणि हा जुना किल्ला तर समुद्रापासून नदीच्या काठाकाठानं पाच किलोमीटर आत!

सुट्टीत सगळं कुटुंब एक मोठी व्हॅन भाड्यानं घेऊन नोव्हा स्कोशियातल्या पोर्ट एल्डनला आलं होतं. कस्तुरी टोरांटोजवळच्या केंब्रिजची, तिचा मावसभाऊ नील फ्रेंच बोलणाऱ्या लव्हालचा, मामेभाऊ तनय नॉर्थ यॉर्कचा. आणि या सगळ्या वरातीचे सेनापती भाऊसाहेब आजोबा!

"हे इथे आलं कसं?" तनयनं विचारलं. "लाइक, फॉर रियल?"

"आलं नाही, आणलं!" आजोबांनी काठी आपटली. "नदी समुद्राकडे वाहते. समुद्र नदीकडे वाहत नाही. तीस वर्षं नॉर्थ यॉर्कमध्ये पाण्याचे पाइप टाकलेत मी. पाण्याचं मला कोणी शिकवू नका! काल नारळ वाहिल्यावर पाण्यात कोण शिरलं होतं?"

सगळ्यांच्या माना नीलकडे वळल्या.

"मे नाँ, नाही हो आजोबा! मी बॉल आणायला गेलो होतो!"

"आणि बॉलबरोबर नारळही आणलास. इथे टाकून आमची गंमत बघतोयस. देवाला वाहिलेलं उचलतोस? उद्या गुहा बघायला तू येणार नाहीस. व्हॅनमध्ये बसायचं!"

नील एप्रिलपासून त्या समुद्रगुहांचा जप करत होता. पण गुहा गेल्याचं त्याला एवढं लागलं नाही. त्यानं आईकडे पाहिलं, तर यामिनीमावशी मुकाट्यानं डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा लावत बसली होती. ते त्याला लागलं.

"मी चोर नाहीये," तो कस्तुरीला हळूच म्हणाला. "तू तरी बिलीव्ह करतेस ना?"

कस्तुरीनं लगेच हो म्हटलं नाही. ती उगाच हो म्हणणारी मुलगी नव्हतीच. तिच्याकडे एक वही होती. डावीकडे 'म्हणाले काय', उजवीकडे 'केलं काय'. आजच्या पानावर डावीकडे होतं, 'आजोबा: नाश्ता हलकाच घेईन.' उजवीकडे: 'चार पॅनकेक. शिवाय माझा अर्धा.'

तिनं नीलचं कालचं सगळं तपासलं. 'बॉल आणतो' म्हणाला, बॉल आणला. 'हात रिकामे आहेत' म्हणाला, हात रिकामे होते; कारण त्याच हातांनी त्यानं तनयच्या मानेवर गार पाणी ओतलं होतं!

"बिलीव्ह करते," ती म्हणाली. "पण मग नारळ आला कसा?"

"तो माणूस!" तनय कुजबुजला. "पिवळ्या बुटांचा. रोज पुलावर उभा राहून घड्याळ बघतो. सो सस्पिशस!"

गोंधळ वाढतच होता. धक्क्यावरच्या होड्या सकाळी चिखलात बसलेल्या, तर संध्याकाळी पाण्यात डुलणाऱ्या. समुद्रातलं शेवाळ खडकावर कस्तुरीच्या डोक्यापेक्षा उंच लोंबत होतं. आणि नदीकाठचं गवत! कंगवा फिरवल्यासारखं ते सगळं आतल्या बाजूला, किल्ल्याच्या दिशेनं आडवं झालं होतं. समुद्राच्या नव्हे, किल्ल्याच्या!

"या गावात सगळंच उलटं आहे," नील म्हणाला.

"मग आपण दुसरा नारळ टाकून बघू," कस्तुरी म्हणाली.

यामिनीमावशीनं टोरांटोहून तीन नारळ आणले होते. एक समुद्राला, एक नारळीभातात, एक उरला. तो कस्तुरीनं आजोबांपुढे धरला. "आजोबा, यावर सही करा ना. आठवण म्हणून!"

सही करायला आजोबा एका पायावर तयार! मार्करनं त्यांनी नारळावर झोकदार सही केली, वर तारीखही टाकली.

दुपारी जेवण समुद्रावर होतं. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे पूल होता आणि पुलाच्या बाजूनं लाकडी जिना खाली वाळूत उतरत होता. जिन्याच्या तोंडाशी एक फलक होता. आजोबांनी आपला ओला टॉवेल नेमका त्याच्यावर वाळत घातला. मग खाली उतरून काठीनं वाळूत लांबलचक रेघ ओढली.

"भरती येईल ती इथपर्यंत. रत्नागिरीत लहानाचा मोठा झालोय मी. रेघेच्या अलीकडे खुर्च्या मांडा!"

समुद्र इतका लांब होता की त्याची फक्त एक चंदेरी कड दिसत होती. मोठी माणसं नारळीभातावर तुटून पडली.

मुलं पुलावर गेली. तनयनं नेम धरून नारळ नदीत टाकला. डुबुक!

नारळ वर आला आणि मजेत समुद्राकडे निघाला.

"ग्रेट," नील पडेल आवाजात म्हणाला. "आजोबाच बरोबर."

"थांब रे."

नारळ लांब गेला. लहान झाला. मग एका जागी गोल गोल फिरू लागला. नदीच थबकली होती! आणि समुद्राकडून एक पांढरी रेघ सरसरत आली. बुटकी लाट, पण नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत! ती पुलाखालून उलट्या दिशेनं, किल्ल्याच्या दिशेनं निघून गेली.

"नो वे!" तनय किंचाळला. "रिव्हर रिव्हर्समध्ये चाललीये!"

पिवळ्या बुटांचा माणूस शेजारीच उभा होता. तो हसला. "रोज दोनदा बघतो मी. माझी होडी हलते कधी, ते मला यावरूनच कळतं. समुद्र आत घुसतो इथे. आज चाळीस फुटांवर चढेल. काल पौर्णिमा होती ना!" मग त्यानं खाली पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. "ते वाळूत बसलेले लोक कोण? त्यांनी बोर्ड वाचला नाही?"

कस्तुरीनं धावत जाऊन टॉवेल ओढला. खाली भरतीच्या वेळा होत्या आणि मोठ्या लाल अक्षरांत इशारा: भरती सुरू होण्याआधी एक तास किनारा सोडा!

"आजोबा!" ती ओरडली. "वर या! भरती येतेय!"

"रेघ आहे ना!" खालून उत्तर आलं. "भात संपवू दे!"

पाणी रेघेपासून पन्नास पावलांवर होतं. आणि ते सावकाश येत नव्हतं.

कस्तुरीनं मनात भराभर वहीची पानं उलटली. 'पाऊस येतोय' म्हटल्यावर आजोबा कधी उठले? कधीच नाही. 'उशीर होतोय' म्हटल्यावर? कधीच नाही. पण कोणाला रंगेहाथ पकडायचं असेल तर?

"नील, तुझं नाव घेऊ?"

नीलनं खाली चढत्या पाण्याकडे पाहिलं. "घे," तो म्हणाला. "एकदा चोर, दोनदा चोर. लवकर घे!"

"आजोबाऽऽ! नील पुन्हा नारळ पळवतोय! तुमच्या सहीचा!"

आजोबा ताडकन उठले. "थांब, लबाडा!" गुडघे दुखतात म्हणणारा माणूस धडाधड जिना चढू लागला. आणि भांडण बघायला मिळतंय म्हटल्यावर मराठी माणूस मागे राहतो का? हातातल्या ताटल्यांसकट सगळे मागोमाग वर!

"कुठाय नारळ? दाखव हात!"

नीलनं दोन्ही रिकामे हात पुढे केले. मग एका बोटानं खाली दाखवलं.

पुलाखालून, समुद्राकडून किल्ल्याकडे, आजोबांची झोकदार सही तुरुतुरु चालली होती. तारखेसकट!

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नारळ दिसेनासा होईपर्यंत ते बघत राहिले. मागून यामिनीमावशी ओरडली, "अगं बाई! माझा कूलर!"

सगळे वळले. रेघ नाहीशी झाली होती. जिन्याच्या खालच्या तीन पायऱ्याही. आणि आजोबांची निळी घडीची खुर्ची एकटीच पोहायला निघाली होती!

पिवळ्या बुटांच्या माणसानं टोपी काढून मुलांना सलाम ठोकला. "या तिघांनी तुम्हाला वाचवलं, सर."

यामिनीमावशीनं नीलला घट्ट जवळ घेतलं. "सॉरी, राजा. मी सकाळीच बोलायला हवं होतं."

आजोबा नीलसमोर आले आणि दुखऱ्या गुडघ्यांवर खाली बसले. "पाण्याचं मला शिकवू नका म्हणालो होतो. शिकवलंत. मी चुकलो रे. उद्या गुहेत सगळ्यात पुढे तू. पण आधी तो बोर्ड मला मोठ्यानं वाचून दाखवायचा! आणि तुम्ही दोघं, शाब्बास! कस्तुरी, फसवलंस मला, पण झकास फसवलंस!"

कस्तुरीनं वही उघडली. डावीकडे लिहिलं, 'आजोबा: मी चुकलो.' उजवी बाजू मोकळी ठेवली. उद्या बघू!

दुसऱ्या दिवशी बोर्ड वाचला गेला. आजोबांनी तो दोनदा वाचून घेतला! गुहा झाल्या, नील सगळ्यात पुढे होता. परतताना व्हॅन किल्ल्यापाशी थांबली. तटाखालच्या लाल चिखलात काहीतरी निळं चमकत होतं. चारही पाय वर करून पडलेली घडीची खुर्ची!

आजोबांनी खुर्चीकडे पाहिलं. मग नीलकडे.

नीलनं दोन्ही हात वर केले. "आजोबा, ही पण मी नाही हं आणली!"

सगळ्यांत मोठ्यानं आजोबाच हसले. कस्तुरीनं वहीची उजवी बाजू भरून टाकली: 'शब्द पाळला. वर स्वतःवर हसलेही.'